दशकातील सर्वाधिक गुण ज्यांचे, तेच यादीबाहेर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर गेल्या रविवारी एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ऐंशीच्या दशकाचा आढावा घेणारा लेख आणि त्यासोबत त्या काळातील दहा थोर खेळाडूंची चौकट प्रसिद्ध झाली. मराठी वृत्तपत्रात बास्केटबॉलला अर्धे पान मिळावे, ही माझ्यासारख्या आयुष्यभर या खेळात रमलेल्या माणसाला सुखावणारी गोष्ट आहे. लेख मी दोन वेळा वाचला आणि कात्रण कापून ठेवले. मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड, ज्युलियस अर्व्हिंग, मोझेस मलोन, आयझाया थॉमस, मायकेल जॉर्डन ही नावे चौकटीत असणारच होती आणि दहांपैकी एकाही नावाविषयी माझी हरकत नाही. मात्र त्या दशकात एनबीएमध्ये सर्वाधिक गुण ज्यांनी नोंदवले, ते डेन्व्हर नगेट्सचे ॲलेक्स इंग्लिश ना चौकटीत होते, ना लेखाच्या एखाद्या ओळीत. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

दोष केवळ आपल्या लेखकाचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण ज्या लीगमध्ये इंग्लिश पंधरा हंगाम खेळले, तिनेही वेगळे काही केलेले नाही. १९९६ मध्ये लीगच्या पन्नाशीच्या निमित्ताने ५० सर्वोत्तम खेळाडू निवडण्यात आले, त्यांत ते नव्हते. २०२१ मध्ये पंचाहत्तरीच्या निमित्ताने ती यादी वाढवण्यात आली आणि आधी राहून गेलेल्या डॉमिनिक विल्किन्स यांच्यासारख्यांना तीत जागा मिळाली, पण इंग्लिश पुन्हा बाहेरच राहिले. कारकिर्दीत २५,६१३ गुण, सलग आठ वेळा ऑल-स्टार, म्हणजे हंगामातील निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी निवड, निवृत्तीच्या वेळी एनबीएच्या सार्वकालिक गुणतक्त्यात सातवे स्थान, असा ज्यांचा लेखाजोखा आहे, ते दोन्ही वेळा निवडकर्त्यांच्या नजरेतून निसटले, याचे मला आजही नवल वाटते आणि वाईटही वाटते.

आपल्या वाचकांना हे नाव अनोळखी असण्याचे कारण मात्र सरळ आहे. भारतातील घराघरांत एनबीएचे सामने दिसू लागले ते नव्वदच्या दशकात, केबल वाहिन्यांबरोबर, आणि तेव्हा सर्वत्र जॉर्डन यांचे राज्य होते. इंग्लिश एनबीएतील शेवटचा सामना १९९१ मध्ये खेळून मोकळे झाले होते. ज्यांना आपण पडद्यावर पाहिले त्यांना आपण थोर मानले, आणि ज्यांचा काळ पडदा येण्याआधी सरला त्यांच्यापैकी फक्त अजिंक्यपदे जिंकलेल्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली. मला स्वतःला इंग्लिश भेटले ते नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलेल्या एका अमेरिकी क्रीडा मासिकात. त्यातील छायाचित्रात एक सडपातळ माणूस चेंडू डोक्याच्या कितीतरी वर धरून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर श्रमाची एकही रेषा नव्हती. मी तेव्हा महाविद्यालयाच्या संघात खेळत होतो आणि शॉट मारताना दातओठ खाण्याची सवय आम्हा सर्वांनाच होती, म्हणून तो चेहरा लक्षात राहिला.

इंग्लिश यांचा जन्म ५ जानेवारी १९५४ चा, साऊथ कॅरोलायना राज्यातील कोलंबिया शहरातला. शिक्षणही त्याच शहरातील राज्य विद्यापीठात झाले. तेथील संघाची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी नुकतीच उघडली होती, आणि प्रशिक्षक फ्रँक मग्वायर यांच्या हाताखाली या तरुणाने चार वर्षांत १,९७२ गुण केले. एवढे असूनही नव्या खेळाडूंच्या १९७६ च्या निवडप्रक्रियेत मिलवॉकी बक्स संघाने त्यांना घेतले ते दुसऱ्या फेरीत, तेविसाव्या क्रमांकावर. पहिल्या हंगामात बहुतेक वेळ बाकावर बसावे लागले आणि सरासरी निघाली ५.२ गुणांची. दोन वर्षांनी ते इंडियाना पेसर्सकडे गेले. तेथे जम बसतो आहे असे दिसत असतानाच फेब्रुवारी १९८० मध्ये पेसर्सने त्यांना, वर नव्या खेळाडूंच्या निवडप्रक्रियेतील पहिल्या फेरीचा आपला एक हक्क जोडून, डेन्व्हरला देऊन टाकले आणि बदल्यात जॉर्ज मॅगिनिस यांना परत आणले. मॅगिनिस हे इंडियानापोलिसचे भूमिपुत्र होते आणि त्याच संघाला एबीए या एनबीएच्या जुन्या प्रतिस्पर्धी लीगची दोन अजिंक्यपदे मिळवून देणारे नायकही होते. आपल्या माणसाला घरी आणण्याचा आनंद पेसर्सच्या चाहत्यांना झाला असेल, यात शंका नाही. पण मॅगिनिस यांचे उत्तम दिवस मागे पडले होते आणि दोनच वर्षांत त्यांची कारकीर्द संपली, तर इंग्लिश यांची तेव्हा कुठे सुरू होत होती. एनबीएतील सर्वांत एकतर्फी अदलाबदलींमध्ये या व्यवहाराची आजही गणना होते.

डेन्व्हर हे समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर वसलेले शहर आहे आणि तेथील विरळ हवेत पाहुण्या संघाला धाप लागते. १९८०-८१ च्या हंगामात प्रशिक्षक म्हणून आलेल्या डग मो यांनी या गोष्टीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. आखीव चाली जवळजवळ नाहीत, चेंडू कोणाच्या हातात थांबायचा नाही, पास दिला की कट मारायचा, म्हणजे झटक्यात बास्केटकडे धावायचे, मोकळी जागा दिसली की शॉट घ्यायचा, ही त्यांची पद्धत होती. १९८१-८२ मध्ये या संघाने प्रत्येक सामन्यात सरासरी १२६.५ गुण केले. तो विक्रम अजून कोणत्याही संघाला मोडता आलेला नाही, लांबून मारल्या जाणाऱ्या तीन गुणांच्या शॉटच्या आजच्या पावसातही नाही. पुढच्या हंगामात इंग्लिश २८.४ च्या सरासरीने लीगमध्ये पहिले आले आणि त्यांचेच सहकारी किकी व्हॅन्डवे २६.७ च्या सरासरीने दुसरे. लीगचे पहिले दोन क्रमांक एकाच संघात असणे ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे खेळाच्या जाणकारांना सांगायला नको. एकाच चेंडूवर दोघांची भूक भागायची असते, आणि तेथे तर भरपूर गुण करणारे तिसरे, डॅन इसेलही होते. तरीही रुसवेफुगवे ऐकू आले नाहीत, याचे बरेचसे श्रेय इंग्लिश यांच्या स्वभावाला द्यावे लागेल, असे माझे मत आहे.

त्या संघाचा एक सामना आजही इतिहासात आहे. १३ डिसेंबर १९८३ रोजी डेन्व्हरच्या मॅक्निकल्स अरीनामध्ये डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्ध निर्धारित वेळेत १४५-१४५ अशी बरोबरी झाली. मग एक जादा वेळ, मग दुसरा, मग तिसरा, आणि अखेर डेट्रॉइट १८६, डेन्व्हर १८४. एकूण ३७० गुण. एनबीएच्या एका सामन्यात यापेक्षा अधिक गुण कधीच झालेले नाहीत. त्या रात्री व्हॅन्डवे यांनी ५१, इंग्लिश यांनी ४७ आणि पलीकडून आयझाया थॉमस यांनीही ४७ गुण केले, आणि दोन्ही संघांचे मिळून तीन गुणांचे शॉट यशस्वी झाले ते फक्त दोन. हा सामना देशभर दाखवला जात नव्हता आणि स्टेडियममध्ये दहा हजारही प्रेक्षक नव्हते. इंग्लिश यांच्या कारकिर्दीतील कितीतरी उत्तम रात्री अशाच मोजक्या डोळ्यांसमोर घडल्या. बोस्टन आणि लॉस एंजेलिस यांच्या लढतींवर सारे कॅमेरे रोखलेले होते.

मी गेली अनेक वर्षे सायंकाळी महापालिकेच्या मैदानावरील सिमेंटच्या कोर्टवर मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतो आणि त्यांना इंग्लिश यांच्या खेळाच्या जुन्या चित्रफिती मोबाइलवर आवर्जून दाखवतो. पहिल्यांदा पाहताना मुलांची निराशा होते. डंक, म्हणजे उडी मारून चेंडू बास्केटमध्ये कोंबणे, नाही, छाती पिटणे नाही, प्रतिस्पर्ध्याकडे रोखून पाहणे नाही. मी त्यांना सांगतो की चेंडू बघू नका, त्यांचे पाय आणि उजवे मनगट बघा. सहा फूट सात इंच उंची आणि जेमतेम ८६ किलो वजन असा तो देह होता. संघातले लोक त्यांना 'द ब्लेड', म्हणजे पाते, म्हणत. ते बेसलाइनजवळून, म्हणजे बास्केटमागच्या सीमारेषेजवळून, सहकाऱ्याने आडोसा म्हणून उभ्या केलेल्या स्क्रीनला खेटून असे निसटत, की बचावपटू वळेपर्यंत ते दहा-बारा फुटांवर चेंडू घेऊन तयार असत. मग फार उंच न उडता, चेंडू डोक्याच्या बराच वर नेऊन, बचावपटूची उडी पूर्ण होण्याआधीच ते मनगटाच्या हलक्या झटक्याने तो सोडत. हात वरच राहतो, बोटे खाली झुकलेली असतात, चेंडू वर चढतो आणि जाळीला जेमतेम हलवून खाली पडतो. एवढ्या वेळात ते बचावासाठी वळून धावूही लागलेले असतात, कारण स्वतःचा शॉट पाहत उभे राहण्याची त्यांना सवयच नव्हती.

माझ्याकडे येणाऱ्या एका तेरा वर्षांच्या मुलीने ही चित्रफीत सलग चार वेळा पाहून मला विचारले, "सर, यांना कोणी अडवत का नाही?" त्या शॉटवेळी दोघे जण अंगावर होते. अडवणारे होते, पण अडचण दिसत नव्हती. इंग्लिश यांच्याकडे दुर्लक्ष का झाले, याचे उत्तर मला त्या प्रश्नातच सापडते. अवघड गोष्ट त्यांनी इतकी सहज करून दाखवली, की पाहणाऱ्याला ती अवघड वाटलीच नाही. जॉर्डन हवेत तरंगताना पाहून आपल्याला हे जमणार नाही, हे कोणालाही लगेच कळते. इंग्लिश यांचा बारा फुटांवरचा शॉट पाहून मात्र आपणही हे करू शकू असे प्रत्येकाला वाटते, आणि ते करायला गेल्यावरच कळते की अंगावर माणूस असताना, शेवटच्या मिनिटाला, पाय जड झालेले असताना तोच शॉट त्याच मनगटाने मारायला काय लागते.

आणि हे त्यांनी एखाद्या हंगामापुरते केलेले नाही. १९८१-८२ ते १९८८-८९ अशा सलग आठ हंगामांत त्यांनी प्रत्येकी दोन हजारांहून अधिक गुण केले आणि असे करणारे ते एनबीएच्या इतिहासातील पहिले खेळाडू ठरले. विल्ट चेंबरलेन यांना हे जमले नव्हते, करीम अब्दुल-जब्बार यांना जमले नव्हते. डेन्व्हरमधील दहा पूर्ण हंगामांत, ज्यांत प्रत्येकी ८२ सामने असत, ते एकदाही ८० पेक्षा कमी सामने खेळले नाहीत. आजचे तारे विश्रांतीसाठी सामने सोडतात, त्याची शास्त्रीय कारणे असतील आणि मी त्यांना नावे ठेवत नाही. पण मंगळवारी एका शहरात, बुधवारी दुसऱ्या शहरात, सामान्य विमानाने प्रवास करून, वयाच्या पस्तिशीपर्यंत दररात्री पंचवीस-सव्वीस गुण देणारा हा सडपातळ माणूस कोणत्या मुशीतून घडला होता, याचा विचार मी पुष्कळदा करतो. १९८५-८६ मध्ये त्यांची सरासरी २९.८ होती. त्या वर्षी विल्किन्स ३०.३ ने पहिले आले.

त्यांच्याविरुद्ध जे बोलले जाते तेही येथे प्रामाणिकपणे मांडतो. डेन्व्हरचा वेगच असा होता की तेथे कोणाचेही गुण फुगले असते, असे म्हणतात. यात अर्धे तथ्य आहे. ज्या हंगामात त्या संघाने सरासरी १२६.५ गुण केले, त्याच हंगामात १२६ दिलेही, आणि बचाव ही मो यांच्या संघाची भूषणावह बाजू नव्हती. परंतु वेगामुळे शॉट वाढतात, अचूकता वाढत नाही. तीन गुणांचा शॉट जवळपास न वापरता, डंकवर विसंबून न राहता, मधल्या अंतरावरून कारकिर्दीभर ५०.७ टक्के शॉट यशस्वी करणे हे वेगाने साधत नाही. दुसरा आक्षेप असा की वर्षातील सर्वोत्तम पाच खेळाडूंच्या पहिल्या संघात ते कधीच निवडले गेले नाहीत. हे खरे आहे. १९८२, १९८३ आणि १९८६ मध्ये ते दुसऱ्या संघात होते. पण त्यांच्या जागेवर पहिल्या संघात कोण होते ते पाहावे. पहिल्या दोन वेळा बर्ड आणि अर्व्हिंग, तिसऱ्या वेळी बर्ड आणि विल्किन्स. आपल्याकडे अशा वेळी क्रिकेटमधील फिरकीपटू पद्माकर शिवलकरांची आठवण काढली जाते, पण ती तुलना मला पुरती पटत नाही, कारण बेदींच्या काळात जन्मल्यामुळे शिवलकरांना कसोटीची संधीच मिळाली नाही. इंग्लिश यांना संधी मिळाली, त्यांनी तिचे सोने केले, आणि तरीही ते नजरेआड राहिले.

तिसरा आक्षेप अजिंक्यपदाचा. इंग्लिश यांच्या बोटात अजिंक्यपदाची अंगठी नाही. ती सर्वांत जवळ आली होती १९८५ मध्ये. त्या वर्षी डेन्व्हरने सॅन अँटोनिओ आणि युटा यांना हरवून पश्चिम विभागाची अंतिम फेरी गाठली. पुढ्यात मॅजिक आणि करीम यांचे लॉस एंजेलिसचे लेकर्स होते. पहिल्या दोन सामन्यांनंतर १-१ अशी बरोबरी होती. चौथ्या सामन्यात इंग्लिश यांचा अंगठा मोडला. त्या वर्षीच्या बाद फेरीत त्यांची सरासरी होती ३०.२ गुणांची. पाचवा सामना त्यांच्याविना झाला आणि लेकर्सने तो १५३-१०९ असा जिंकला. त्याच लेकर्सने पुढे बोस्टनला नमवून अजिंक्यपद मिळवले. अंगठा शाबूत असता तर डेन्व्हर जिंकले असते, असे मी म्हणणार नाही, कारण लेकर्स अधिक बलाढ्य होते. परंतु १५३-१०९ या आकड्याकडे पाहिले की तो एक माणूस त्या संघाला काय होता, हे निराळे सांगावे लागत नाही.

मैदानाबाहेरच्या इंग्लिश यांच्याविषयीही दोन शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते. ते कविता लिहीत आणि त्यांचे कवितासंग्रह खेळत असतानाच प्रसिद्ध झाले. इथिओपियातील दुष्काळाच्या वेळी, १९८५ च्या ऑल-स्टार सामन्याचे मानधन दुष्काळग्रस्तांना द्यावे, यासाठी त्यांनी पुढाकार घेऊन सहकाऱ्यांना राजी केले. १९८८ मध्ये ते खेळाडू संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्याच वर्षी समाजकार्यासाठीचा जे. वॉल्टर केनेडी पुरस्कार त्यांना मिळाला. हे सर्व त्यांनी शॉटइतक्याच शांतपणे केले.

डेन्व्हरमधील शेवट मात्र गोड झाला नाही. १९९० मध्ये मो यांना दूर करण्यात आले आणि छत्तिशीतील इंग्लिश यांच्याशी संघाने नवा करार केला नाही. ज्या संघाला त्यांनी सलग नऊ वर्षे बाद फेरीत नेले, त्याचा निरोप घेऊन ते एक हंगाम डॅलसला खेळले आणि नंतर इटलीत नेपल्सच्या संघाकडून खेळून थांबले. पुढे डेन्व्हरने त्यांचा २ क्रमांकाचा शर्ट सन्मानपूर्वक निवृत्त केला आणि १९९७ मध्ये त्यांचा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधील थोरांच्या सन्मानदालनात, समावेश झाला. त्यानंतर टोरंटोसह काही संघांचे सहायक प्रशिक्षक म्हणून त्यांनी काम केले. म्हणजे मान मिळालाच नाही असे नाही. पण मान मिळणे आणि आठवण राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डेन्व्हरने २०२३ मध्ये निकोला जोकिच यांच्या बळावर पहिले अजिंक्यपद मिळवले, तेव्हा आपल्याकडील बहुतेक लेखांत त्या संघाचा इतिहास जोकिच यांच्यापासून सुरू झाल्यासारखा मांडला गेला. नगेट्ससाठी एनबीएत सर्वाधिक गुण, २१,६४५, हे पत्र लिहीत असताना इंग्लिश यांच्याच नावावर आहेत. जोकिच कदाचित एक दिवस ते ओलांडतील. ते इतके थोर खेळाडू आहेत की तसे झाले तर मला आनंदच होईल, पण ओलांडले कोणाला, हे तरी त्या दिवशी आपल्या वाचकांना ठाऊक असावे.

संपादक महोदय, माझी विनंती मोठी नाही. दहाच्या चौकटीतून कोणाचे नाव काढा, असे मी सुचवणार नाही. ती अकरांची करावी आणि पुढच्या रविवारी, जागा असेल तितकी, एवढी दुरुस्ती छापावी. जमल्यास सोबत त्यांचे एक छायाचित्र द्यावे, हात वर राहिलेला आणि बोटे झुकलेली असतील असे. आमच्या कोर्टशेजारच्या खोलीत सूचनाफलक आहे, तेथे ते कात्रण लावायचे आहे. गेल्या रविवारचे कात्रण आताच तेथे लागले आहे आणि त्याच्या समासात, दहाव्या नावाखाली, त्या तेरा वर्षांच्या मुलीने निळ्या पेनाने अकरावे नाव लिहून ठेवले आहे.

आपला नम्र,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक, नागपूर